‘वाईट विचार येतात का?’ : उद्यमबागेतल्या एका टर्नरचं प्रकरण

त्याचं नाव, गाव, कारखाना इथं नाही. ओळख पटेल असे तपशील बदललेत. लिहिलेलं सगळं आधी त्याला वाचून दाखवलं; दोन ठिकाणी तो ‘हे नको’ म्हणाला, ते काढून टाकलं. बाकीचं त्याच्या परवानगीनं लिहितेय, कारण मनात मरणाचे विचार घेऊन आलेल्या या माणसाच्या पहिल्या भेटीत चूक माझी झाली होती. ती चूक बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मनाच्या दुखण्याबद्दल माणसांशी बोलणाऱ्या कुणाकडूनही होऊ शकते.

तो 38 वर्षांचा. गाव बेळगावच्या दक्षिणेला, सायकलीनं शहर गाठता येईल एवढ्यावर. घरात आई, बायको, चौथीतली मुलगी आणि एक म्हैस. थोरला भाऊ वेगळा राहतो, पण भिंतीला भिंत लागून. आयटीआय झाल्यापासून तो उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, लेथवर आहे. फौंड्रीत ओतलेला कच्चा जॉब, म्हणजे धातूचा सुटा भाग, मशीनशॉपला येतो आणि टर्नर त्याला मापात आणतो. सोळा वर्षांत त्याच्या हातचा जॉब रिजेक्ट गेल्याचं त्याला आठवत नव्हतं. हे तो पहिल्याच भेटीत दोनदा बोलला आणि मी ते नुसतं ऐकून घेतलं. माणूस स्वतःची किंमत कशावर मोजतो ते अशा वाक्यात सांगत असतो.

2024 च्या उन्हाळ्यात बऱ्याच वर्षांनी गावच्या लक्ष्मीची यात्रा आली. आमच्या भागात गावची यात्रा म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. घराला रंग काढायचा, लेकी-बहिणींना साडीचोळी करायची, पै-पाहुणे, मित्र, कामावरचे सोबती सगळ्यांना जेवू घालायचं. शेजारच्या घरी दोनशे पानं उठली तर आपल्याकडं पन्नासावर कसं भागवणार? त्याचा खर्च पावणेदोन लाखांच्या पुढं गेला. भिशी आधीच उचलली. बायकोच्या संघातनं, म्हणजे बचत गटातनं, दोन कंपन्यांची कर्जं काढली. कामावरच्या एकाकडनं हातउसने घेतले. ओव्हरटाइम धरून हिशेब बसत होता. दिवाळीनंतर ऑर्डरी कमी झाल्या आणि ओव्हरटाइम बंद पडला.

पुढचा दीड महिना थोडक्यात सांगते. झोप पहाटे तीन-साडेतीनला मोडायची. भाकरी घशाखाली उतरेना. संध्याकाळी उद्यमबागेतनं निघताना थोडी प्यायची सवय होती, ती रोजची झाली. आणि नोव्हेंबरात एका दिवसात तीन जॉब अंडरसाइज, मापापेक्षा बारीक, गेले. सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला.

त्यानं मदत मागितली नाही असं अजिबात नाही. गावाजवळच्या एका डॉक्टरांकडं तो दोनदा गेला. डॉक्टर कन्नड बोलणारे. याला कन्नड येतं, कामावर रोज बोलतो. तो म्हणाला, ‘साकाग्यादरी.’ आपल्याकडच्या कन्नडमध्ये हा शब्द दिवसातनं दहा वेळा कानावर पडतो. काम करून दमलेला माणूस म्हणतो, उन्हातनं आलेला म्हणतो, बाजारातली गर्दी बघून वैतागलेलाही म्हणतो. डॉक्टरांनी अशक्तपणा धरला, सलाईन लावलं, शक्तीच्या गोळ्या दिल्या. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. तो जे म्हणत होता ते मराठीत ‘आता पुरे झालं’ असं होतं. ते दुसऱ्या भाषेत नेताना त्याच्या हाती रोजच्या वापरातला, झिजलेला शब्द आला आणि त्यातलं मरण गळून पडलं. सीमाभागातल्या वादात इथं शिरत नाही. मात्र दुखणं सांगायची भाषा आणि बाजारहाटाची भाषा वेगळी असू शकते, एवढं दवाखान्यात बसणाऱ्यानं ध्यानात धरायला हवं.

मी मात्र त्याच्याच भाषेत बोलत होते, तरी चुकले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बायको त्याला घेऊन माझ्याकडं आली, तक्रार झोपेची आणि दारूची. मी नेहमीचे प्रश्न विचारले. शेवटी, उठता उठता म्हणावं तसं, विचारलं, ‘मनात काही वाईट विचार येतात का?’

तो जवळजवळ दुखावला. ‘छे छे मॅडम. मी कुणाचं वाईट चिंतत न्हाई.’

मी कागदावर ‘नाही’ लिहिलं आणि पंधरा दिवसांनी बोलावलं.

त्या उत्तराचा अर्थ मला उशिरा लागला. ‘वाईट विचार’ म्हणजे दुसऱ्याचं वाटोळं चिंतणं, नाहीतर परक्या बाईबद्दलचं काही, असंच त्यानं धरलं. शिवाय त्याच्या मनात जे चाललं होतं ते त्याच्या लेखी वाईट नव्हतंच. आपण नसलो तर घरावरचं ओझं उतरेल, हा त्याला चांगला, जबाबदार माणसाचा विचार वाटत होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी 2005 मध्ये मांडलेल्या सिद्धांतात ‘आपण आपल्या माणसांवर ओझं झालोय’ ही जाणीव मरणाच्या इच्छेच्या मुळाशी असते असं म्हटलंय. ते मी शिकले होते, पण अशा माणसाला ‘वाईट विचार’ हे शब्द लागूच पडणार नाहीत हे कधी सुचलं नव्हतं.

मायक्रोमीटर

पुढच्या भेटीला सहा दिवस असताना त्याच्या बायकोचा फोन आला. आदल्या दिवशी त्याच्या हाताखालचा शिकाऊ पोरगा घरी आला होता, हातात जुन्या डबीतला, जॉबचं बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर घेऊन. ‘काकी, काकांनी मला हे दिलं. ठेव म्हणाले, कायमचं.’ पोराला भीती वाटली होती. पहिल्या पगारातनं घेतलेला तो मायक्रोमीटर हा माणूस कुणाला हात लावू द्यायचा नाही.

ती मला म्हणाली, ‘आक्का, चार दिवस झाले, हे बरे दिसालेत. चिडंनात, पीईनात. पोरीला जवळ घेऊन बसत्यात. मी देवाला नारळ बोलले की बरं वाटू लागलं म्हणून. पण ते पोरगं आल्यापास्नं माझं काळीज जाग्यावर न्हाई.’

अस्वस्थ माणूस अचानक शांत होतो आणि जिवापाड जपलेल्या वस्तू देऊन टाकू लागतो, तेव्हा ते बरं होणं नसूही शकतं. कधी कधी आतला झगडा संपलेला असतो, निर्णय झालेला असतो. बायकोनं नारळ बोलण्यात काही चूक नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही बोलले असते. पण पुस्तकात असलेलं हे त्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं न वाचताच ओळखलं, आणि ओळखून गप्प बसला नाही.

मी त्याला त्याच दिवशी आणायला सांगितलं, आणि येईपर्यंत एकटं सोडू नका म्हटलं.

दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

या वेळी शब्द आधी ठरवून ठेवले होते. बायकोला बाहेर बसवलं. म्हटलं, ‘अंगावर एवढं सगळं आलं की काही माणसांना वाटतं, मरून जावं, जीव द्यावा. तुम्हाला तसं वाटतंय का?’

तो तळहाताकडं बघत राहिला. नखांत कूलंटचं काळं होतं. बऱ्याच वेळानं म्हणाला, ‘व्हय.’ आणि मग पाऊण तास बोलत होता.

अशा प्रश्नानं नसलेला विचार डोक्यात भरतो, ही भीती घरच्यांना असते आणि डॉक्टरांनाही असते. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उलट विचारलं गेलेल्या माणसाला बऱ्याचदा सुटल्यासारखं वाटतं. त्याचं वाक्य असं होतं : ‘कुणीतरी नाव घेतलं की हो त्याचं.’

त्यानं जे सांगितलं ते जमेल तेवढं त्याच्याच शब्दांत ठेवते. बाहेरच्या माणसाला वाटतं हा विचार एका क्षणी वीज पडल्यासारखा येतो. त्याचा तसा आला नव्हता. आधी नुसतं ‘सकाळ नको व्हायला’ एवढंच होतं. मग ‘कुठंतरी निघून जावं’, जिथं हप्त्याचा फोन येत नाही. मग कामावर येता-जाता हिशेब सुरू झाला : आपण नसलो तर पीएफचे किती मिळतील, इन्शुरन्सचं काय, भाऊ पोरीचं शिक्षण बघेल का. ‘मरणाचा विचार न्हवता तो, हिशेब होता. जॉब कसा बसवायचा, टॉलरन्स किती, तसं.’ दिवसा मशीन चालू असताना विचार लांब असायचा. पहाटे तीननंतर छातीवर येऊन बसायचा. एखाद्या रात्री लाट इतकी मोठी यायची की तिच्याशिवाय काही दिसायचं नाही. उजाडलं, म्हशीनं हंबरडा फोडला की ओसरायची, आणि रात्री आपण काय ठरवत होतो याची त्याला लाज वाटायची. त्या लाजेपायी तो कुणाशी बोलला नाही. हे दीड महिना चाललं.

‘मरायचं होतं का?’ मी विचारलं.

‘न्हाई ओ. हे थांबायला पाहिजे होतं.’

बहुतेक माणसांत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असतात. म्हणून तर मध्ये पडायला वाव मिळतो.

पुढचे प्रश्न आत्महत्येचा धोका मोजायच्या कोलंबिया मोजपट्टीच्या क्रमानं विचारले : नुसती इच्छा, की विचार, कसं याचा विचार, की ठरवलेलं, काही तयारी केली का. तयारी झाली होती. ती काय होती ते इथं लिहीत नाही, कुणालाच त्याचा उपयोग नाही. त्याच संध्याकाळी तो मानसोपचारतज्ज्ञांपुढं होता. तीव्र नैराश्याचं निदान झालं आणि स्वतःच्या सहीनं तो सहा दिवस दाखल राहिला.

दाखल होताना बायको रडली ती वेगळ्याच भीतीनं. ‘पोलीस केस होईल का?’ ही भीती गावोगावी आहे आणि तिच्यापायी माणसं दवाखान्याऐवजी घरात लपवली जातात. नुसते विचार येणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न झाला तरी मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 115 सांगतं की वेगळं सिद्ध झालं नाही तर ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिच्यावर खटला चालवायचा नाही, आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं काम. जुन्या दंडसंहितेतलं कलम 309 तर 1 जुलै 2024 पासून, नवी न्याय संहिता आली तेव्हापासून, त्या रूपात उरलेलंच नाही. मी हे तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं. मग ती म्हणाली, ‘हे कुणी गावात येऊन सांगितलं तर बरं हुईल की.’

घर

भाऊ दुसऱ्या दिवशी आला. आल्या आल्या ओरडला : ‘एवढी सोन्यासारखी पोर आहे, तिच्याकडं तरी बघायचंस!’

हे वाक्य प्रत्येक घरात निघतं, प्रेमानंच निघतं. पण त्याचा इथं उलटा परिणाम होत होता. तो रोज पोरीकडंच बघत होता, आणि हिला कर्जबुडव्या बापापेक्षा काका बरा, असं त्याचं मन त्याला सांगत होतं. पोरीचं नाव घेतलं की ओझ्यावर आणखी एक धोंडा पडायचा. मी भावाला बाहेर नेऊन एवढंच सांगितलं. तो खाली मान घालून उभा राहिला. मग आत जाऊन म्हणाला, ‘हप्त्याचं मी बघतो. घरी आलास की आठ दिवस माझ्याकडं झोप.’ सगळ्या उपचारात या दोन वाक्यांचा वाटा मी गोळीएवढाच मानते.

गोळीचंही सांगायला हवं. नैराश्यावरच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्तही. पहिल्या आठवड्यातच ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करणारे खूप. त्याला गोळ्या एका वेळी आठवड्याच्याच दिल्या आणि त्या बायकोकडं ठेवल्या. भावाच्या नि त्याच्या सामाईक शेतातली फवारणीची औषधं चुलत्याच्या घरी कुलपात गेली, किल्ली चुलत्याकडं. घरातल्या माणसांना हे क्षुल्लक वाटतं : ज्याला करायचंच आहे तो काहीही करेल, असं म्हणतात. तसं नसतं. लाट मिनिटांची, तासांची असते. त्या वेळात हाताशी काही नसलं तर बहुतेक माणसं वाचतात आणि पुढंही जगतात. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली, तेव्हा 1995 नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं. शेतीत औषध वापरणाऱ्या आपल्या भागानं यातनं शिकावं असं मला फार वाटतं.

आईचं वेगळंच चाललं होतं. तिच्या मते हे बाहेरचं होतं. ती देवळात गाऱ्हाणं घालून अंगारा घेऊन आली. डॉक्टरांनी अडवलं नाही, मीही नाही. गोळी चुकवायची नाही एवढीच अट घातली. पण बोलता बोलता खरी गाठ हाती लागली. यात्रेच्या कर्जाबद्दल त्याच्या मनात राग होता, आणि देवीच्या खर्चाला कर्ज म्हणणं हे त्याला पाप वाटत होतं. देवीच शिक्षा देतेय असं तो रात्री धरून बसायचा. मी कितीही बोलले असते तरी ही गाठ माझ्याकडनं सुटली नसती. ती आईनं सोडवली. तिसऱ्या भेटीला ती सोबत आली होती. ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘अरे, देवीनं कुठं मागितलं होतं? तिला नारळ नि ओटी पुरते. बाकीचं आपुनच केलं, लोकांसाठी.’

त्यानं मान वर करून आईकडं बघितलं. त्यानंतर या विषयावर आम्हाला बोलावं लागलं नाही.

जॉब कार्डाच्या मागचा कागद

लाट येईल तेव्हा काय करायचं, याचा एक कागद त्याच्याबरोबर बसून केला. अमेरिकेतल्या बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी रुळवलेली ही पद्धत : धोक्याच्या खुणा, स्वतः करायच्या गोष्टी, ज्यांच्यात जाऊन बसायचं ती माणसं, ज्यांना खरं सांगायचं ती माणसं, मग तज्ज्ञ, आणि घर सुरक्षित करणं. छापील नमुना बाजूला ठेवला. तो परका वाटत होता. त्यानं खिशातनं कारखान्यातलं जुनं जॉब कार्ड काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

खूण म्हणून त्यानं ‘उदास वाटणे’ लिहिलं नाही. लिहिलं : ‘तीनला जाग आली आणि हप्त्याचा मेसेज तीनदा उघडला.’ करायचं म्हणून : ‘अंथरुणात पडायचं न्हाई. गोठ्यात जायचं, म्हशीला हात लावायचा.’ खाली भजनी मंडळातला एक दोस्त, कारण तोही पहाटे उठतो. मग भाऊ. भावापुढं लिहिलं : ‘फोन नको, भिंतीवर थाप मारायची.’ आणि शेवटी मोठ्या अक्षरात 14416.

हा टेली-मानसचा क्रमांक, केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेला. चोवीस तास चालतो, फुकट आहे, आणि भाषा निवडता येते. आपल्या भागात ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. हे वाचताना कुणाला आत्ताच तसं वाटत असेल तर पुढचं राहू दे, आधी हा नंबर लावा, किंवा घरातल्या कुणाला तरी उठवा.

कर्जाचं काम भावानं अंगावर घेतलं. वसुलीच्या पोरांना त्यानं रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जाबद्दलचे 2022 चे नियम दाखवले : सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कर्जदाराला फोन करायचा नाही, धमकी नाही, नातेवाइकांना त्रास नाही. 2025 च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारनं सूक्ष्म कर्जाच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, तेव्हा तर बोलायला आणखी बळ आलं. हप्ते लांबवून मिळाले. कर्ज माफ झालेलं नाही, म्हैस मात्र विकावी लागली नाही. कर्जामुळंच हे झालं असं मी म्हणणार नाही. तेवढंच कर्ज असलेली दहा घरं त्याच गल्लीत आहेत. पण नैराश्यावर औषध द्यायचं आणि दारातल्या वसुलीवाल्याबद्दल बोलायचंच नाही, हा उपचार अर्धा होतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांतल्या 13,606 कर्नाटकातल्या. या माणसासारखे, ज्यांच्या मनात विचार येऊन गेला आणि जे आज सकाळी कामावर गेलेत, ते या आकड्यांत नाहीत. ते कितीतरी जास्त आहेत. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे 1 टक्का प्रौढांना आत्महत्येचा मोठा धोका असल्याचं दिसलं. म्हणजे शंभर माणसांच्या शॉपफ्लोअरवर एक जण, दोन हजार मोठ्या माणसांच्या गावात वीस.

त्याचं पुढं सरळ झालं नाही. 2025 च्या जूनमध्ये, पावसाची झड लागली असताना, लाट परत आली. भाऊ कोल्हापूरला गेलेला, भिंतीवर थाप मारून उपयोग नव्हता. तो गोठ्यात गेला, तिथनं 14416 लावला. पलीकडच्या बाईनं आधी विचारलं, ‘आत्ता जवळ कोण आहे?’ त्यानं सांगितलं, म्हैस. मग दोघं बोलत राहिली, उजाडेपर्यंत नाही, वीसेक मिनिटं. तेवढ्यात बायको कंदिलासारखा मोबाईल धरून गोठ्यात आली आणि त्याच्या शेजारी बसली. चार दिवसांनी डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला. दारू बहुतेक बंद आहे. दोनदा प्यायला, दोन्ही वेळा येऊन सांगितलं.

विचार अजून येतो. कमी येतो, आणि आला की तो ओळखतो. आता तो मला मॅडम म्हणत नाही, आक्का म्हणतो. मीही ‘वाईट विचार’ हे शब्द टाकून दिलेत. समोरचा ‘जीव नको झालाय’ म्हणाला तर त्याच शब्दांना धरून पुढं विचारते : म्हणजे दमलात, की मरावंसं वाटतंय? काही जण हसतात, ‘तसं न्हवं ओ’ म्हणतात. काही जण तळहाताकडं बघतात.

मायक्रोमीटर त्या पोराकडंच आहे. पोरगं परत द्यायला आलं होतं, यानं घेतला नाही. तुला शिकायला लागतोय म्हणाला. आठवड्यातनं एकदा मात्र तो हातात घेऊन झीरो बरोबर आहे का ते बघतो.